नवसाचा कोंबडा

कोपरीतल्या आमच्या सोसायटीत कुणी टीव्ही कितीही मोठ्याने लावावा, सुट्टीच्या दिवशी भिंती फोडाव्यात, सगळं चालतं. माझा कोंबडा आरवला की मात्र सगळ्यांचे कान नाजूक होतात.

मीटिंगमध्ये सेक्रेटरी मारुतीभाऊंनी नवा नियम वाचला. इमारतीत कोंबड्या पाळायच्या नाहीत. आहे तो आठ दिवसांत हलवा. पहिल्या मजल्यावरची क्षिप्रा म्हणाली, "काकी, ड्युटीवरून येऊन मी पाचला झोपते हो. लगेच हा सुरू होतो."

पोरीचं चुकत नव्हतं, म्हणूनच जास्त राग आला.

कोंबडा मी पाळायला आणलाच नव्हता. मे महिन्यात माझा मुलगा बंटी पुण्याहून येणार होता. कोंबडी-वडे करायचे म्हणून गावठी बघून आणला. बंटीला सुट्टी मिळाली नाही. गणपतीतही मिळाली नाही. तोवर हा गॅलरीत रुळला. मी तांदूळ निवडायला बसले की समोर येऊन ओरडायचा. नवरा गेल्यापासून घरात माझ्याशी भांडणारा हा एकटाच.

म्हणून मी बेधडक खोटं बोलले. "तो नवसाचा आहे. गावच्या वेशीवरच्या राखणदार देवाला बोललेला. नवस फिटेपर्यंत विकता येत नाही, कुणाला देताही येत नाही."

अर्धी सोसायटी मालवण-देवगडकडची. नियम मोडतील, पण राखणदाराशी पंगा कोण घेणार?

"कसला नवस बोललात, शीलाताई?" मारुतीभाऊंनी विचारलं.

एवढा विचार मी केलाच नव्हता. तोंडाला येईल ते बोलले. "बंटी घरी राहायला आला की फेडायचा."

आता मुदत घालतील, महिन्या-दोन महिन्यांवरून घासाघीस करतील, म्हणून मी पदर खोचून बसले. पण तो कधी येणार, हे कुणी विचारलंच नाही. मारुतीभाऊ खाली बघत म्हणाले, "मग राहू दे." माझ्याविरुद्ध तीन अर्ज देणारी क्षिप्रा उठून आली आणि माझा हात धरून म्हणाली, "राहू दे काकी. मी कानात कापूस घालीन."

जिंकून वर निघाले आणि मग लक्षात आलं. मी इतके दिवस ‘येईल, येईल’ म्हणत होते आणि ही माणसं नुसती माना डोलवत होती. जिन्यातच बसून रडले. एकाने तरी भांडायला हवं होतं, "अहो शीलाताई, बंटी तर दिवाळीत येईल, मग काय कराल?" म्हणून.