सात टक्क्यांचा आशीर्वाद

कझाकस्तानातल्या श्यमकेंतमध्ये लग्नाच्या हॉलात अभद्र बोललेलं खपत नाही. नवरदेव दारुडा असला तरी त्याला सिंहच म्हणायचं. अकमारालला हे पक्कं ठाऊक होतं. पण मावसबहिणीच्या लग्नात भर दुपारी सेइदाख्मेत मामाने तिला मटणाच्या परातीपाशीच गाठलं.

"भाचे, उद्या सकाळी देशाच्या वाढीचा आकडा येतोय म्हणे. मिनीबस घ्यायला साठवलेली माझी सगळी पुंजी बँकेच्या शेअरांत आहे. ठेवू की विकू?"

अल्माटीतल्या दलाली पेढीत ती हेच अंदाज बांधायची. मालगाड्या रोडावल्या होत्या, कारखाने वीज खात नव्हते. आकडा तीनच्या वर जाणार नाही, याची तिला खात्री होती. टीव्हीवरचे टाय लावलेले पोपट मात्र सहा-सहा ओरडत होते.

"सांगते मामा, पण..."

तेवढ्यात समारंभ चालवणाऱ्या तोलिमबेकने तिच्या हातात माइक कोंबला. "आमच्या अर्थतज्ज्ञ ताई! होऊन जाऊ द्या आशीर्वाद!"

अख्ख्या हॉलची तोंडं चघळायची थांबली. ती बोलून गेली, "देश सात टक्क्यांनी वाढो, आणि तुमचा संसार त्याहून जास्त!"

टाळ्यांनी छप्पर हाललं. टाळ्या संपायच्या आत टेबलाटेबलांवर फोन निघाले आणि शेअरांची खरेदी सुरू झाली. मामाही फोनवर बोट नाचवत होता.

"अहो मामा, काय करताय? तो नुसता आशीर्वाद होता!"

"म्हणजे आशीर्वादात खोटं बोललीस?"

"लग्नात खरं कोण बोलतं?"

"उगाच कुणी सात म्हणत नाही. पाच म्हणाली असतीस तर नुसता आशीर्वाद समजलो असतो."

अकमारालचं डोकं फिरलं. तिने तोलिमबेकच्या हातातून माइक हिसकावला. "ऐका! उद्या तीन येणार. बँकांचे शेअर असतील तर विकून टाका."

मावशी तरातरा उठून आली. "माझ्या पोरीच्या ताटात मंदी वाढलीस गं, मेले! थू थू थू!"

मामाने मुकाट्याने सगळं विकलं. बाकीच्यांनी तिच्याकडे पाठ फिरवून घोड्याच्या मांसावर ताव मारला.

सकाळी आकडा आला: तीन. अकमारालने स्वतःचीच पाठ थोपटली. मग बाजार उघडला आणि बँकांचे शेअर रॉकेटसारखे सुटले. एवढी मरगळ आहे म्हटल्यावर व्याजदर उतरणारच, कर्जं खपणारच, असा हिशेब बड्या धेंडांनी केला होता. कारखान्यांना टाळं लागणार आणि हे भडवे पेढे वाटणार. याला बाजार म्हणतात.

दुपारी मामाचा फोन आला.

"भाचे, तुझा आकडा बरोबर आला ना?"

"हो मामा."

"मग ज्यांनी तुझं ऐकलं नाही, ते का नाचतायत? आणि माझी मिनीबस?"

"मामा, मला वाढीचा आकडा कळतो. त्यावर बाजार कसा नाचेल, ते कुणालाच कळत नाही."

"हे माइकवर सांगायचं होतंस," मामा म्हणाला आणि फोन आपटला.