पंधरा मिनिटं पुढे

मी घड्याळ बोलतोय, काळाचौकीच्या कुशाबाच्या डाव्या मनगटावरचं. चावी दिली की चालणारं, पांढऱ्या तबकडीचं. शांताच्या वडिलांनी लग्नात जावयाच्या हातात मला बांधलं, म्हणजे खरा मी तिच्या माहेरचा. पण अठ्ठेचाळीस वर्षं राहिलो जावयापाशी आणि इमान राखलं तेही त्याच्याशीच. त्याची आज मला लाज वाटते.

अंगाची हळद उतरायच्या आत कुशाबाने मला पंधरा मिनिटं पुढे करून ठेवलं. गिरणीचा भोंगा झाला की गेट बंद, मग आत जायला कुणाच्या तरी हातापाया पडावं लागे. ते कुशाबाला कधीच जमलं नाही. पुढे गिरणी गेली, तिथे काचेचा टॉवर उभा राहिला, तरी मी आपला पंधरा मिनिटं पुढेच. चाळीत पोरं चेष्टा करत, कुशाबा स्वतःच्या लग्नालाही वऱ्हाडाच्या आधी पोचला होता म्हणून. शांता मात्र माझ्याकडे बघितलं की मनातल्या मनात पंधरा वजा करी. संसारात बायका असं बरंच काही वजा करत असतात.

त्यांना एकच लेक, अनुजा. ती नर्स झाली, स्वतःच्या पसंतीने लग्न करून स्वित्झर्लंडला गेली. निघताना नमस्कार करायला आली तेव्हा कुशाबा दारात आडवा उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘या घराची पायरी परत चढायची नाय.’’ याला बारा वर्षं झाली. शांता तिच्याशी दर रविवारी फोनवर बोले आणि कुशाबा तेवढा वेळ गॅलरीत जाऊन उभा राही. आत काय चाललंय ते त्याला ठाऊक होतं. फोन संपला की आत येऊन चहा मागे, एवढंच.

गेल्या मे महिन्यात शांताने युरोपचा हट्ट धरला. कणकवलीपलीकडे कुठे जायची हौस नसलेली ही बाई, वर गुडघे कुरकुरणारे. पण धरलाच तिने. तिकडच्या विमानतळावर उतरल्यावर टूर मॅनेजर वैभवने सगळ्यांना घड्याळं तिथल्या वेळेवर लावायला सांगितली. कुशाबाने भिंतीवरच्या घड्याळात बघत माझे काटे फिरवले, आणि सवयीने पंधरा मिनिटं वर घातली. शांताला वाटलं, चला, आता तरी हे सरळ झालं.

मग आमची बस. चाळीस माणसं, सुटताना ‘गणपती बाप्पा मोरया’, रोज दोन रांगा मागे सरकायचं म्हणजे पुढच्या खिडक्या सगळ्यांना मिळतात. बाहेर बर्फाचे डोंगर आणि आत अंताक्षरी. चकलीचे डबे या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत. कुशाबा खूश होता. बस सुटायच्या आधी रोज पहिला तोच जागेवर बसलेला असे.

पाचव्या दिवशी सकाळी बसमध्ये शांता हळूच म्हणाली, ‘‘अहो, आज तो मोठा धबधबा आहे ना, तिथे अनुजा येणार आहे. खालच्या बाकावर बसा म्हणाली. साडेबारापर्यंत पोचते. माझा फोन इथे लागत नाही, घरूनच ठरवून ठेवलंय.’’

कुशाबा दोन तास खिडकीबाहेर बघत राहिला. मनगटावर राहणाऱ्याला नाडी कळते. त्याची नाडी मी लग्नाच्या दिवशीसुद्धा अशी धावताना पाहिली नव्हती. तो रागावला असेल असं शांताला वाटलं. तो घाबरला होता. बारा वर्षांनी लेकीच्या तोंडाकडे बघून पहिला शब्द काय बोलायचा, हे त्याला सुचत नव्हतं.

बस वर उभी राहिली. ‘‘पाऊण वाजता सगळे परत वर,’’ वैभवने बजावलं. दोघं पायऱ्या उतरून बाकावर बसली. शांताच्या मांडीवर सुक्या बांगड्याची पुडी आणि कोकमाचा डबा होता, लेकीसाठी घरून आणलेला. धबधब्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. येणाऱ्या प्रत्येक बाईकडे पाहत होती.

माझ्यात बारा चाळीस झाले. खरी वेळ होती बारा पंचवीस.

‘‘चल गो, बस जाईल,’’ कुशाबा उठला.

‘‘पाच मिनिटं थांबा. येईलच ती.’’

‘‘चाळीस माणसं खोळंबतील आपल्यापायी. यायची असती तर आली असती.’’

‘‘घड्याळ बरोबर आहे ना तुमचं?’’

‘‘इथल्या टायमाला लावलंय.’’

खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं. त्याला पळायचं होतं आणि मी त्याला निमित्त दिलं. चढ चढताना शांता तीनदा मागे वळली.

वर बस रिकामी होती. ड्रायव्हरसमोरच्या घड्याळात बारा तेहतीस. शांताने ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि बसच्या पायरीवरच बसली. परत उतरायला गुडघ्यांत जीव नव्हता. ‘‘तुम्ही जा हो,’’ म्हणाली.

कुशाबा धापा टाकत खाली गेला. बाकावर आता गिरगावच्या सुचित्राबाई बसल्या होत्या, आमच्याच बसमधल्या. ‘‘काका, आत्ताच एक मुलगी येऊन गेली. काळाचौकीचे आईबाबा दिसले का म्हणून विचारत होती. मी म्हटलं, काका काकूंना वर घेऊन गेले. तर म्हणाली, बाबा घेऊन गेले का, बरं. आणि वळून गेली.’’

कुशाबाने गर्दीत पाहिलं. कुणाला शोधायचं, हेच त्याला कळेना. बारा वर्षांत लेक कशी दिसायला लागली, ते त्याला माहीत नव्हतं.

‘‘बाई, हिला काही बोलू नका,’’ त्याने हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा. वर जाऊन शांताला म्हणाला, ‘‘नाय आली.’’

शांताने कोकमाचा डबा सीटखाली सरकवला. त्या दिवशी अंताक्षरीत ती टाळ्याही वाजवत नव्हती.

घरी आल्यावर एका रविवारी तिचा फोन वाजला. अनुजाचाच. शांताने नाव पाहिलं आणि वाजू दिला. ‘‘वेळ नव्हता तिला आपल्यासाठी,’’ म्हणाली. कुशाबा समोर बसून होता. फोन वाजायचा थांबला. पुन्हा कधी आला नाही.

या जानेवारीत शांताने अंथरूण धरलं. एका दुपारी कुशाबा उशाशी बसला, तिचा हात हातात घेतला आणि कसंबसं म्हणाला, ‘‘शांते, आली होती ती. मी तुला उठवून नेल्यावर आली.’’

मला वाटलं, आता ती बोल लावील. तिने फक्त विचारलं, ‘‘कशी दिसत होती?’’

‘‘मी नाय बघितली.’’

शांताने डोळे मिटले. मग म्हणाली, ‘‘फोन लावा तिला.’’

‘‘आता कामावर असेल ती. संध्याकाळी पाचला लावू.’’

संध्याकाळचे पाच काही शांताने पाहिले नाहीत. जन्मभर सगळीकडे आधी पोचलेला माणूस या एका गोष्टीला उशिरा पोचला.

उद्या तिचं तेरावं आहे. अनुजाला अजून कुणी कळवलेलं नाही. शांताचा फोन कुशाबाच्या हातात आहे. लेकीचं नाव काढतो, बघत बसतो, बाजूला ठेवतो. नाडी तशीच धावते आहे.

कुशाबा, मला ना तोंड ना हात, नाहीतर मीच लावला असता. तू मला सरळ कर नाहीतर काढून फेकून दे, माझी तक्रार नाही. पण फोन लाव. तिकडे तुझी लेक अजून आईवर रुसून बसली आहे.