सातवी सीडी

चादरीच्या कारखान्याच्या मालकानं कॉम्प्युटर जोतिरामच्या दुरुस्तीच्या दुकानात टेबलावर टेकवला आणि म्हणाला, "शुक्रवारपर्यंत चालू झाला तर झाला. न्हायतर मशीनच भंगारात घालतो."

मशीन म्हणजे चादरीवर नक्षी विणण्यासाठी मागाला लावायच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडणारं यंत्र. ते फक्त जुन्या विंडोज एक्सपीवर चालायचं. त्याचा पहिला कॉम्प्युटर जळाला होता, आणि मालकानं आणलेला हा सेकंडहँड एक्सपीच्या मानानं फार नवा होता. एक्सपीची सीडी घातली की निळ्या पडद्यावर तेच यायचं: हार्ड डिस्क सापडत नाही.

डिस्क ठणठणीत होती. सीडीतच तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती ओळखायला लागणारा छोटा प्रोग्राम, नव्हता. पूर्वी तो फ्लॉपीतून देता यायचा. या कॉम्प्युटरला फ्लॉपीची जागाच नव्हती. मग सीडीतल्या फायली उतरवून घ्यायच्या, त्यांत ड्रायव्हर घालायचा आणि नवी सीडी बनवायची, एवढाच मार्ग उरला. हे त्यानं शेवटचं केलं त्याला दहा-बारा वर्षं झाली होती.

पहिल्या चार सीड्या वाया गेल्या. बुधवारी दुपारी त्यानं सिद्धलिंगला फोन लावला. दोघांनी याच दुकानात काम सुरू केलं होतं. सिद्धलिंग आता पुण्यात मोठ्या कंपनीत होता.

"अजून एक्सपी?" सिद्धलिंग हसला. "टाकून दे की रे. मीटिंगमध्ये हाय, नंतर बोलू."

त्याचा फोन आला नाही. दुकानात गिऱ्हाईकही आलं नाही. त्यानंतर संध्याकाळपर्यंत जोतिराम कुणाशी एक शब्द बोलला नाही.

गुरुवारी त्यानं कॉम्प्युटर उघडला, भिंग धरून बोर्डावरच्या चिपचा नंबर वाचला, आणि चूक कळली. त्यानं घातलेला ड्रायव्हर त्याच कंपनीच्या दुसऱ्या चिपचा होता. बरोबरचा शोधून घातला. पाचवी सीडी पुढं सरकली आणि एका फायलीपाशी अडली. सहावीही तिथंच अडली. सीडीतल्या फायलींच्या यादीत तिच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं; ते त्यानं दुरुस्त केलं.

सातवी सीडी लावली. निळा पडदा आला आणि त्यावर डिस्क दिसली, पूर्ण आकाराची.

"हेमा, सापडली बघ!"

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्याची बायको हेमावती वारली त्याला तीन वर्षं झाली होती. ती दुकानातले फोन घ्यायची त्या खुर्चीवर आता प्रिंटरची खोकी होती. इन्स्टॉलेशन संपेपर्यंत तो त्या खोक्यांकडं पाठ करून बसून राहिला.

शुक्रवारी सकाळी तो कॉम्प्युटर घेऊन कारखान्यात गेला. मशीनवर काशम्मा होती, साठीला आलेली. तिनं आपली एक जुनी नक्षी उघडली. मशीन खडखडलं आणि पहिला पुठ्ठा बाहेर आला. तो उजेडाकडं धरून तिनं भोकं नीट पाहिली.

"बरोबर हाय. कसं केलं ओ भाऊ?"

हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं. तो सांगत सुटला: चिप, फायली, ते चुकलेलं अक्षर. तिला त्यातलं काही कळत नसावं, पण ती हातातला चहा तसाच धरून ऐकत राहिली.

"दुसऱ्या कुणाला येतंय का हे?"

"आता कोण शिकतंय, अक्का?"

"माझंबी तसंच की. मी घरी बसले की ही नक्षी कोण काढणार?"

सीडीवर आपला फोन नंबर लिहून ती त्यानं तिच्याकडंच ठेवली.

दोन महिने फोन आला नाही. मशीन चालत असणार, हे त्याला कळत होतं. तरी एका दुपारी त्यानंच कारखान्यात फोन लावला आणि काशम्माला बोलवायला सांगितलं.

"अक्का, जोतिराम. मशीन काय म्हणतंय?"

"चालतंय की झकास. का ओ?"

"न्हाय, ते... सीडीवर वरखडा तर पडला न्हाय ना, म्हटलं."



"मला काय कळतंय त्यातलं," मागांच्या आवाजातून काशम्मा म्हणाली. "तुमीच येऊन बघून जावा की. चारला चा असतोय."