आठ बाटल्यांची साखळी

करुणानं स्टॉपवॉचचं बटण दाबलं आणि भिंगरी पहिल्या बाटलीला वळसा घालून सुटली.

पाण्याच्या आठ रिकाम्या बाटल्या फरशीवर एका ओळीत उभ्या होत्या, हाताहाताच्या अंतरावर. पहिलीच्या डावीकडून, दुसरीच्या उजवीकडून, तिसरीच्या पुन्हा डावीकडून, अशी ती चार महिन्यांची तांबडी कुत्री नखं खरडत ओळीतून नागमोडी गेली. करुणा खाटेवर उशांना टेकून बसली होती. उजवा पाय गुडघ्यापर्यंत जाड काळ्या बुटात अडकलेला, पण मान मात्र भिंगरीबरोबर इकडून तिकडं वळत होती. आठव्या बाटलीशी भिंगरी घसरली, उठली आणि खाटेशी येऊन शेंगदाण्यासाठी तोंड वर करून उभी राहिली.

"बारा," करुणा म्हणाली. "सोमवारी नऊवर आली होतीस. दाणा नाही."

स्वयंपाकघराच्या दारात गोजरबाई पदराला हात पुसत उभ्या होत्या.

"दे की गं एक. मुकं जनावर हाय, त्याला काय कळतंय नऊ अन् बारा?"

"सगळं कळतं, आई. लाडानं आळशी व्हायला लागली ती."

गोजरबाईंनी डब्यातून स्वतःच दोन दाणे काढून भिंगरीपुढं टाकले आणि लेकीकडं न बघता आत निघून गेल्या.

हडको वसाहतीतल्या त्या बैठ्या घरात मायलेकी दोघीच राहत. करुणा पगारे हे नाव शहरातल्या खो-खोच्या मैदानांवर सगळ्यांना माहीत होतं. सव्वीस वर्षं तिनं शाळेत मुलींना खेळ शिकवला होता. दिवाळीच्या सुट्टीतल्या शिबिरात, खांबाशी सूर कसा मारायचा हे दाखवायला ती एक्कावन्नाव्या वर्षी स्वतः धावली, आणि टाचेवर मागून कुणीतरी दगड मारल्यासारखं झालं. तिनं रागानं वळून पाहिलं, तर मागं कुणीच नव्हतं. टाचेमागची नस तुटली होती. ऑपरेशन झालं आणि तीन महिने सक्तीची विश्रांती मिळाली.

शिबिरातल्या मुलींना त्याच आठवड्यात मैदानावरच्या टाकीमागं एक पिल्लू सापडलं होतं. आता मॅडम चोवीस तास घरीच असणार, या हिशेबानं त्यांनी ते आणून ओट्यावर सोडलं आणि आपापल्या घरी पळाल्या. ते सारखं स्वतःभोवती गिरक्या घ्यायचं, म्हणून गोजरबाईंनी त्याचं नाव भिंगरी ठेवलं.

पहिल्या आठ दिवसांत भिंगरीनं कुबडीचं रबर खाल्लं, दवाखान्याची फाईल फाडली आणि नळाला पाणी यायच्या दिवशी भरलेल्या बादलीत उडी मारून घरभर तळं केलं. सत्त्याहत्तर वर्षांच्या गोजरबाई तिला सकाळ-संध्याकाळ कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटपर्यंत नेऊन आणत, त्यापुढं त्यांचे गुडघे ऐकत नसत. राहिलेला सगळा दिवस खाटेवरच्या करुणाच्या वाट्याला यायचा. तिनं टॉवेलच्या गुंडाळीत भाकरीचे तुकडे लपवून पाहिले. उपड्या वाट्यांखाली दाणे ठेवून पाहिले. कुबडीला दोरी बांधून तिच्या टोकाची चिंधी फरशीवरून फिरवली. भिंगरी दहा मिनिटं रमायची आणि अकराव्या मिनिटाला खाटेचा पाय कुरतडायला घ्यायची.

मग एका दुपारी करुणाला साखळी सुचली. खो-खोत आठ जणी ओळीनं बसतात आणि पळणारी त्यांच्यामधून एकआड एक वळणं घेत जाते. मैदानावर त्याला सिंगल चेन म्हणतात. आठ बसलेल्या मुलींऐवजी आठ बाटल्या. पहिल्या दिवशी दोन बाटल्या, तिसऱ्या दिवशी चार, आणि दहाव्या दिवशी भिंगरी पूर्ण साखळी न चुकता पळाली. त्या दिवशी महिनाभरात पहिल्यांदा करुणाला गाढ झोप लागली.

दारावरची बेल वाजली. शुक्रवार होता, म्हणजे प्रेरणा असणार.

प्रेरणा गाडेकर क्रांती चौकाजवळच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती आणि सोमवारी व शुक्रवारी घरी येऊन करुणाच्या पायाचे व्यायाम घ्यायची. दवाखान्यानं नंबर दिला तेव्हा फोनवर ती नुसतं "गाडेकर बोलते" म्हणाली होती. पहिल्या दिवशी ती ओट्याच्या पायऱ्या चढून आली, आणि चेहरा दिसायच्या आधी चालीवरूनच करुणानं तिला ओळखलं.

"अगं, तू? फुलंब्रीची प्रेरणा! जालन्याची फायनल, दोन मिनिटं चाळीस सेकंद पळाली होतीस. बघ, विसरले नाही मी."

"पाय बघू, मॅडम," प्रेरणा हसून म्हणाली होती आणि बॅग उघडून खाली बसली होती.

दुसऱ्या खेपेला गोजरबाईंनी चहा पुढं करत तिला निरखून पाहिलं.

"व्हय गं करुणा, ही तीच का? लई पळायची, पण जिद्द सोडली म्हणून तू पोरींना सांगतीस, ती?"

करुणानं हातातल्या बशीकडं पाहिलं. प्रेरणाचा एक हात तिच्या टाचेखाली होता. तो तिथून हलला नाही.

"व्हय आजी, मीच ती," प्रेरणा म्हणाली. आवाजात टोचणी नव्हती. "मॅडम, बोटं आत घ्या. एक. दोन. तीन."

ते तिथंच राहिलं. पुढच्या तीन आठवड्यांत दोघी पाय, सूज आणि भिंगरी यांच्याबद्दलच बोलल्या.

आज प्रेरणा आत येऊन चटई टाकते न टाकते तोच करुणा म्हणाली, "थांब. आधी हिची साखळी बघ. तू आल्यावर हुरूप येतो तिला."

तिनं चुटकी वाजवली. भिंगरी ओळीच्या टोकाशी जाऊन उभी राहिली, कान मागं, शेपूट ताठ. सुटली. चौथ्या बाटलीशी वळताना तिचा वेग पडला, सहाव्या बाटलीला धक्का लागून ती आडवी झाली.

"तेरा! काय चाललंय काय तुझं? पुन्हा."

भिंगरी वळली आणि पुन्हा टोकाशी गेली. जाताना तिनं एकदाच पुढचा पंजा चाटला.

"किती दिवसांपासून हळू झालीय?" प्रेरणानं विचारलं.

"मंगळवारपासून. कंटाळा, दुसरं काही नाही. एरवी नुसती बसते, पाय चाटत राहते. हाक मारली की मग येते पळत."

करुणानं चुटकी वाजवली. भिंगरी पुन्हा सुटली. या वेळी तिसऱ्या बाटलीशीच प्रेरणानं हात आडवा घातला, तिला हळूच मांडीवर ओढलं आणि पुढचा पंजा उलटा करून उजेडाकडं धरला. मग बॅगेतून चिमटा काढला.

"आजी, जरा कोमट पाणी आणता?"

पंजाच्या गादीत, दोन बोटांच्या बेचक्यात, तांदळाच्या कणीएवढा काचेचा तुकडा रुतलेला होता. भोवती लाल होऊन सुजलं होतं. चिमटा लागला तशी भिंगरी कळवळली, पण दात लावले नाहीत. तुकडा निघाल्यावर ती प्रेरणाचं मनगट चाटत राहिली.

"अगं आई गं," गोजरबाई म्हणाल्या, "त्या प्लॉटवर काचाच काचा असत्यात. मीच नेते की तिला तिथं. मला मेलीला दिसलं नाय."

"पण ती थांबली नाही गं," करुणा म्हणाली. ती खाटेच्या कडेवर आली होती. "एकदासुद्धा नाही. लंगडलीही नाही. मी म्हटलं की पळत होती."

प्रेरणा कापसानं जखम पुसत होती.

"पळतात, मॅडम," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. गोजरबाई पाण्याचं पातेलं घेऊन आत गेल्या. प्रेरणानं पंजाला पट्टी बांधली, भिंगरीला कोपऱ्यातल्या पोत्यावर ठेवलं आणि नेहमीसारखे व्यायाम घेतले. निघताना दारातून म्हणाली, "सोमवारपर्यंत हिला पळवू नका. आणि पट्टी सोडवू देऊ नका."

"बरं."

बाटल्या गोजरबाईंनी उचलून मोरीत नेऊन ठेवल्या.

पळणाऱ्या पिल्लाला खेळवणं सोपं, हे करुणाला शनिवारी कळलं. बसून राहायला लावलेल्या पिल्लाला काय द्यायचं? भिंगरी पट्टी ओढायची, खाटेवर चढायला बघायची, दाराशी जाऊन कुंकूं करायची. शेवटी करुणा कुबड्यांच्या आधारानं उठली आणि बुटाचा पाय लांब पसरून तिच्या पोत्याशेजारीच फरशीवर बसली. एका मुठीत दाणा लपवायचा, दोन्ही मुठी पुढं धरायच्या. भिंगरी दोन्ही हुंगायची आणि एकीवर नाक टेकवायची. बरोबर आलं की मूठ उघडायची, चुकलं तरी उघडायची. हा खेळ अर्धा-अर्धा तास चालायचा. त्याला घड्याळ नव्हतं.

खेळता खेळता करुणाचं मन दुसरीकडंच असायचं. त्या वर्षी प्रेरणा नववीत होती. पहाटेच्या एसटीनं फुलंब्रीहून यायची, सहाला मैदानावर हजर. कोरडी भाकरी दप्तरात. फायनलच्या आधी तीनेक आठवडे ती म्हणायला लागली, मॅडम, नडगी दुखते. करुणानं तिला तेच सांगितलं, जे ती सगळ्याच मुलींना सांगायची. खेळाडूला दुखतंच. आणखी एकदा म्हणाली तेव्हा इतर मुलींसमोर विचारलं होतं, अभ्यासाचं कारण पुढं करायला घरून शिकवलंय का? त्यानंतर प्रेरणा काही बोलली नाही. सामन्याच्या सकाळी क्रेप बँडेज करुणानं स्वतः बांधलं, मैदानाच्या कडेला उकिडवं बसून, घट्ट. पोरगी दोन मिनिटं चाळीस सेकंद पळाली आणि शाळेला ढाल मिळाली. आठ दिवसांनी कुणीतरी सांगितलं, हाडाला चीर होती, प्लास्टर घातलंय. करुणानं प्रमाणपत्र एका मुलीच्या हाती फुलंब्रीला पाठवलं. पुढच्या जूनमध्ये प्रेरणा आली नाही. करुणा तिला बघायला गेली नव्हती. नवी टीम बांधायची होती. मग दर वर्षी नव्या मुलींना सांगायला एक गोष्ट झाली: अशी एक होती, वाऱ्यासारखी, पण जिद्द कमी पडली.

रविवारी संध्याकाळी गोजरबाई तिच्याजवळ येऊन बसल्या.

"खाली का बसतीस सारखी? गारठा हाय. पाय दुखल."

"दुखतोय."

गोजरबाई तिच्याकडं बघत राहिल्या. दीड महिन्यात हा शब्द त्यांनी लेकीच्या तोंडून ऐकला नव्हता. त्यांनी आतून चादर आणून तिच्या पायावर घातली.

सोमवारी प्रेरणा आली तेव्हा थंडी वाढली होती. चपला ओट्यावर काढून ती मोज्यांनीच आत आली. आधी तिनं भिंगरीची पट्टी सोडली. सूज उतरली होती.

"छान. अजून दोन दिवस दम धर गं बाई," ती भिंगरीला म्हणाली आणि खाटेशी चटईवर बसली. करुणाचा बूट उघडला, टाच तळहातावर घेतली. "हं, मॅडम. पाय सैल सोडा."

करुणानं सैल सोडला नाही.

"प्रेरणा."

"हं?"

"तो कोणता पाय होता गं तुझा?"

प्रेरणाचे हात थांबले. तिनं वर पाहिलं. करुणा तिच्याचकडं बघत होती, आणि या प्रश्नाचं उत्तर तिला खरोखरच माहीत नाही, हे तिच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं. सामन्याची मिनिटं, सेकंद, समोरची टीम, सगळं पाठ असलेली बाई.

"डावा," प्रेरणा म्हणाली.

"मीच बांधलं होतं बँडेज."

"हो."

"मी किती वेळ आठवत बसले तरी पाय आठवेना. सेकंद आठवतात."

बाहेर गल्लीतून भाजीची गाडी ओरडत गेली. भिंगरी पोत्यावरून उठून दोघींच्या मधे येऊन बसली.

"अजून दुखतो?" करुणानं विचारलं.

"थंडीत. उभं राहायचं काम जास्त झालं की." ती थांबली. "तेव्हा फार दुखायचा, मॅडम. एसटीतून उतरताना दांडी धरून उतरायचे."

करुणानं मान हलवली. मग उशा बाजूला सारून ती सरकली आणि खाटेवर आपल्या शेजारी जागा केली.

"इथं बस. दाखव मला."

"आता काय दिसणार आहे त्यात? दहा वर्षं झाली."

"नाही दिसलं तर नाही दिसलं. दाखव."

प्रेरणा क्षणभर चटईवरच बसून राहिली. तिनं करुणाची टाच अलगद उशीवर टेकवली. मग उठून ती खाटेवर बसली, सलवार गुडघ्याखालपर्यंत वर ओढून धरली आणि डाव्या पायातला मोजा हळूहळू खाली सरकवला.