मीठ काढून उरलेलं पाणी

बस इथं, ह्या पोत्यावर. तुझा ट्रक भरायला अजून वेळ आहे, ऊन उतरल्याशिवाय आमची माणसं पोती उचलत नाहीत. तोवर एक गोष्ट सांगतो, फुकट. पण आधी हा खडा बघ. असा नाही, उन्हात धर. दिसला? मिठाचा खडा. कडा जरा झिजलेल्या, आत पाण्याचा एक बुडबुडा अडकलेला. तुला एवढंच दिसणार. आज सकाळी दिन्कोनं मिठागराच्या वाफ्यातनं हाच उचलला, आणि तो चमकला... म्हणजे मीठ चमकतंच रे, पण असा? एकेक बाजू वेगळी, बुडबुड्यात आख्खं आभाळ, आणि छातीत असं काहीतरी हललं की लग्नाच्या दिवशीसुद्धा हललं नव्हतं.

दिन्को म्हणजे मीच. पण डॉक्टरीणबाईंनी शिकवलंय, स्वतःकडे जरा लांबनं बघायचं, शेजाऱ्याकडे बघतो तसं. म्हणून दिन्को म्हणतो. मधेच 'मी' झालो तर समजून घे.

तर दिन्को खडा हातात घेऊन उभा राहिला आणि त्याला आधी बरं वाटलं, आणि लगेच दुसरं वाटलं ते हे, की हे बरं वाटणं कुठनं आलं? तू कधी असं विचारलंयस स्वतःला? नाही ना. तुला बरं वाटलं की तू शीळ घालतोस. दिन्कोला चोर घरात शिरल्यासारखं होतं. कारण पाच उन्हाळ्यांमागं असंच बरं वाटत वाटत गेलं होतं. झोप नको, जेवण नको, डोक्यात एका विचाराचं शेपूट धरून दुसरा, सगळे हुशार, सगळे खरे — आणि भर दुपारी, मीठ ओढायला तयार झालेलं असताना, त्यानं समुद्राचं पाणी अडवणाऱ्या सगळ्या फळ्या उपसल्या. समुद्राला दाराबाहेर ठेवलंय बिचाऱ्याला, आत घ्यायला पाहिजे, असं त्याला अगदी स्वच्छ दिसलं होतं. आला की समुद्र. आमच्या ह्या साऱ्या पोमोरिए गावाचं उन्हाळ्याचं मीठ विरघळून गेलं. कुणी हात नाही लावला त्याला. नुसती उभी होती माणसं, हातात दांताळी धरून. मारलं असतं तर बरं झालं असतं. मग तो आख्खा हिवाळा भिंतीकडं तोंड करून... स्तान्का, माझी बायको, चमच्यानं भरवायची. ते जाऊ दे.

वेलेवा डॉक्टरीणबाईंनी तेव्हा कागदावर चित्र काढून दाखवलं. म्हणाल्या, दिन्को, डोक्यातल्या पेशी एकमेकींशी बोलतात ना, ते बोलणं खारट पाण्यातनं चालतं. एक मीठ आत, एक मीठ बाहेर, मधे दारं. तुमची दारं कधी सताड उघडी राहतात, कधी घट्ट मिटतात. हे औषध लिथियमचं, तेही एक मीठच, ते दारं धरून ठेवतं. कसं धरतं ते आम्हालाही पुरतं उमगलेलं नाही, पण धरतं. आता बघ, आठवी पास माणूस मी, पण हे मला असं कळलं म्हणून सांगू! वाफे, फळ्या, पाणी. ह्यात काय कळायचंय? जन्म त्यातच गेला. बाई म्हणाल्या, फक्त जेवणातलं मीठ एकदम कमी करू नका, एकदम जास्त करू नका, पाणी प्या, वेळच्या वेळी रक्त तपासा. मी म्हटलं, मिठाचं मला सांगू नका बाई.

सांगायला पाहिजे होतं.

गोळ्यांनी दारं धरली, हे खरं. पण हात थरथरायला लागले. दांताळं धरलं की मिठावर नागमोडी रेघा. आणि तोंडात सारखी गंजक्या खिळ्याची चव. मिठागरातला माणूस जिभेवर दाणा ठेवून सांगतो, हा वाफा आज ओढायचा की उद्या. दिन्कोची जीभ मुकी झाली. वाईट वाटत नव्हतं, चांगलंही वाटत नव्हतं. धुतलेल्या दगडासारखा दिवस यायचा आणि जायचा. स्तान्का खूश होती. जग खूश होतं. म्हणून ह्या वसंतात त्यानं एक युक्ती केली, कुणाला न विचारता. रोजच्या दोनातली एक गोळी सोडली, आणि तिच्या जागी एक चमचा लुगा.

लुगा तुला तुमच्या बुर्गास शहरात नाही मिळायचा. मीठ ओढून घेतलं की वाफ्यात जे तांबूस, तेलकट, कडू पाणी उरतं ना, ते. आमच्याकडं गुडघ्याला लुगा, दाढेला लुगा, बाळंतिणीच्या कंबरेला लुगा. दिन्कोनं विचार केला, औषध मिठाचं भावंडच आहे, लुग्यात मिठाची सगळी भावंडं उरतात, मग तेही असणारच त्यात कुठंतरी. आणि बाईंनी मीठ वाढवू नका म्हटलंय, ते मी वाढवतच नाही! मीठ काढून घेतल्यावर उरतं तो लुगा. आमच्यात लुग्याला कुणी मीठ म्हणालं तर लोक हसतील. म्हणजे मन साफ होतं रे. पूर्ण साफ.

तर आज सकाळी तो खडा चमकला, आणि तेवढ्यात लेफ्तेर आला. फळ्या सांभाळणारा म्हातारा. कुठल्या वाफ्यात किती पाणी, कधी सोडायचं, सगळं त्याच्या हातात. इथं त्याहून मोठा मान नाही.

"दिन्क्या," म्हणाला, "माझे गुडघे गेले बाबा. लुग्यात बसून बसून लोणचं झालं त्यांचं, तरी वाकत नाहीत. आज संध्याकाळपासनं फळ्या तू बघ."

शेजारच्या वाफ्यातनं गिना ओरडली, "ह्याला? अहो लेफ्तेरकाका, हा परत समुद्राला जेवायला बोलवेल!"

सगळी दांताळी थांबली. पाच वर्षं कुणी बोललं नव्हतं ते, आणि आज बोललं. आणि दिन्कोच्या तोंडातनं शब्द कसा उसळून आला बघ.

"बोलवीन की, गिना. फक्त वाढायला तुला उभी करीन. तुझ्या हातचं खाल्लं की तो आपणहून परत जाईल!"

हसले रे सगळे. गिना तर दांताळ्यावर वाकून हसली. लेफ्तेरनं डोळे पुसले, पाठीवर थाप मारली, "आमचा जुना दिन्को आला परत." आणि मला रडू येईल असं वाटलं, कारण जुना कोण? गोळ्यांच्या आधीचा? फळ्या उपसणारा, का त्याच्याही आधीचा, तरुणपणी नाचायचा तो? हसवलं ते मी, की माझ्यातनं उतरून गेलेलं औषध? हात बघितले. थरथरत नव्हते. आनंद झाला. मग आनंदाची भीती वाटली. मग भीतीचं हसू आलं, आणि हसू फार लवकर आलं असं वाटलं...

दुपारी घरी. स्तान्कानं ताराटोर केलं होतं, दह्यातली काकडी, लसूण, वर अक्रोड. ती पाव आणायला वळली तशी दिन्कोनं खिशातली बाटली काढून आपल्या वाडग्यात चमचाभर लुगा सोडला. वळून आली, आणि माझ्याच वाडग्यात पाव बुडवला. आमच्याकडं असंच आहे, तिला माझ्या वाडग्यातलंच गोड लागतं.

तोंड वाकडं झालं तिचं. "हे काय कडूजहर?"

"काकडी कडू असेल."

"माझी काकडी? खिसा दाखव." बाटली काढली, हुंगली. "लुगा? अरे, लोक ह्यात पाय बुडवतात, दिन्को! किती दिवस?"

"वसंतापासनं."

"आणि गोळ्या?"

"दोनातली एकच."

"मी रोज रात्री तुझा श्वास ऐकत पडते, झोपला का, झोपला का. आणि तू इथं पाय धुवायचं पाणी पितोयस!" रडली नाही. डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

बाई शांतपणे बोलल्या. म्हणाल्या, लुगाही मीठच आहे हो दिन्को, उलट जास्तच. साधं मीठ पोटात वाढलं की मूत्रपिंड ते बाहेर टाकतं, आणि त्याच्याबरोबर औषधही टाकून देतं, त्याला दोघांतला फरक नीट कळत नाही. म्हणजे अर्धं तुम्ही सोडलंत आणि उरलेलं लुग्यानं हाकललं. उद्या सकाळी आज्जिबात न चुकता रक्त द्यायला या. भरपाई म्हणून जास्त गोळ्या घेऊ नका. आणि तोवर कुठलीही मोठी जबाबदारी घेऊ नका.

मी विचारलं, "बाई, आज छान वाटतंय मला. हे मी आहे, का हे तेच आहे?"

बाई म्हणाल्या, "ते फोनवर नाही सांगता येणार. खरं सांगू, रक्तातही सगळं दिसत नाही. तुमची झोप बघू, बोलणं बघू. आनंद झालाय म्हणून आजारीच असाल असं नाही."

म्हणजे बघ, बाईंनाही माहीत नाही. बाटली स्तान्कानं मोरीत ओतली. मला वाटलं होतं वाईट वाटेल. पण फक्त इतकंच कळलं की ही दारं माझ्या हातात नाहीत, कधी नव्हती, आणि तरी त्यांच्याशेजारी बसून राहायचं काम माझंच आहे. एवढं कळल्यावर जरा थंडावलो. कदाचित ते थंडावणंही मिठाचंच असेल. असो.

पण फळ्या मला हव्यात रे. पाच वर्षं हव्या होत्या. आणि बघ, तो येतोय लेफ्तेर, लंगडत, फळ्या उपसायचा लोखंडी आकडा खांद्यावर टाकून, माझ्या हातात द्यायला. नको म्हणायचंय मला. आत्ता नको, रक्ताचं कळेपर्यंत नको. दुपारपासनं दोनदा त्याला म्हणून बघितलं. पहिल्यांदा तोंडातनं विनोद झाला, तो हसला. दुसऱ्यांदा मी खरंच सांगितलं, तरी हसला, म्हणाला, काय नाटकं करतोस. आज माझ्या जिभेवर जे येतं ते लोकांना गोड लागतं, आणि तीच तर पंचाईत आहे.

तुझा आवाज जड आहे, तू परका आहेस, तुझ्यावर कुणी हसणार नाही. तो आला की तू सांग त्याला. म्हण, दिन्कोला आज आकडा देऊ नका. एवढंच म्हण, आणि तो माझ्याकडं बघायला लागला की मला बोलू देऊ नकोस.