जोतिबाच्या फेट्याची चिंधी

या, बसा वायरमन. उद्या गिरणीतला त्यो जुना बोर्ड उतरवनार न्हवं? मग त्याची गोष्ट ऐकूनच जावा. मी तितं मशिनींस्नी तेल घालायला हुतो, समदं ह्या डोळ्यांनी बघितलंय.

भावकू आमच्या शहापूरचा, इनकराचं पोर. मागावर ताना जोडताना खुणंला रंगीत दोरं बांधत्यात, तसंच त्यानं बोर्डामागच्या दर तारंला बांधलं. ज्या मशिनीची तार, तिचा रंग न्यारा. फोरमन सुबरावनं कात्री लावली.

"साडी इनतोस व्हय रं? तारा माझ्या डोक्यात हायती, तेवढं बास!"

समद्यास्नी कळलं तर ह्याला कोन इचारनार?

म्हैन्याभरानं भावकूच्या थोरल्या भावाचा, जोतिबाचा, हात मशिनीत गेला. सुबराव भायेर च्या पीत हुता. भावकूनं एक खटका वढला, दुसरा वढला. तिसरा बरोबर लागला. तवर जोतिबा छातीपतोर आत गेलता.

त्याची बायकू गुणाबाई रडली न्हाय. म्हनाली, "भावजी, त्या सुबरावला बी तसंच मारा."

पुढं एकदा बोर्ड बिघडला. जोतिबा गेल्यावर नवा बसवलेला मेन खटका बंद करून सुबरावनं कोपरापतोर हात आत घातला. खटक्यावर हात भावकूचा. दारात गुणाबाई, वटीत रंगीत दोरं.

"हात काढाय गेलासा तर चालू करतो, फोरमन. कुठली तार कुठल्या मशिनीची, बोला."

"ए, चेष्टा नगं रं!"

"चालू करू?"

सुबराव घामानं निथळला. एकेक तार सांगत गेला, गुणाबाई दोरा बांधत गेली. आमी समदी बघत हुतो. कुठला रंग कुठल्या मशिनीचा, ध्यानात ठेवत हुतो.

शेवटाला जोतिबाच्या मशिनीची तार आली. गुणाबाईनं कनवटीतनं त्याच्या लाल फेट्याची चिंधी काढली. "ही तू बांध."

सुबरावनं दोनदा मारली, गाठच बसंना. बसली तशी गुणाबाई मागं सरली.

"करा चालू, भावजी."

भावकूनं खटक्यावरनं हात काढून घेतला. "ऱ्हाऊंदे वैनी. आता ह्याची गरज कुनाला हाय?"

खरंच, आठवड्यात मालकानं सुबरावला काढला. खडेबाजारात कंदिलाच्या काचा इकाय बसला. गुणाबाई मुद्दाम तिथनंच जायाची, म्होरं उभी ऱ्हायाची, बघायची. पर भावकूला तिनं परत भावजी म्हटलं न्हाय.

बाकी दोरं टाका कचऱ्यात. ती लाल चिंधी तेवढी आनून द्या, गुणाबाई वाट बघतीया. गाठ हातानं सोडवा. कात्री मातूर लावू नगासा.