मागच्या दोन स्प्रिंगा

पुढचं उजवं चाक. वर बसणारा: अश्विन.

आईचं अंथरूण घडी करून ठेवलेलं. शाल नाही, डायलिसिसची फाईल नाही. अंगणात गाडी होती. काल होती तशीच, धुळीसकट, कडक.

कडक म्हणजे शर्यतीच्या स्प्रिंगांवर. वरोऱ्याजवळ कापसाच्या एका बंद जिनिंगच्या सिमेंटच्या आवारात टायर रचून वळणं केलेली असतात आणि रविवारी तिथे जुन्या गाड्या घड्याळ लावून पळतात. पळून झालं की कडक स्प्रिंगा काढायच्या, कंपनीच्या नरम बसवायच्या आणि सोमवारी त्याच गाडीतून आईला चंद्रपूरला न्यायचं, असं चाललं होतं. काल अश्विन जिनिंगमध्येच बदलू म्हणाला, ते राहिलं. घरी बदलू म्हणाला, तर बूट काढायला पायरीवर बसला आणि तिथेच झोप लागली.

शेजारच्या शकुबाईने भिंतीवरून सांगितलं की त्याची आई अंजनाबाई बसस्टँडवर गेली. पोराला उठवू नको म्हणाली.

बस त्याला मूल गावच्या स्टँडवर सापडली. घरून, सिंदेवाहीहून निघाल्यापासून प्रत्येक खड्डा सीटमधून कमरेत शिरला होता. काल याच स्प्रिंगांवर तो घरी आला होता. काल खड्डे लागले नव्हते.

आई मागच्या चाकावरच्या खिडकीत बसली होती. तो खिडकीखाली उभा राहिला आणि उतर म्हणाला.

"हे सीट बी तुह्या गाडीपेक्षा नरम हाये," आई म्हणाली.

कंडक्टर हसला. एसटीबद्दल असं कोणी पहिल्यांदाच बोललं, म्हणाला.

"उतर ना, आई."

"जातानी बसनं जमते, बाबू. येतानी नाई जमत. येतानी तुह्याच गाडीत यावं लागते." मग बस सुटता सुटता, "मागून ये. हळू ये."

तो मागून गेला. हळू.

पुढचं डावं चाक. वर बसणारं: आता कोणी नाही.

आधी आई इथे बसायची. डायलिसिसनंतर बसवेनासं झालं तेव्हापासून येताना मागच्या सीटवर आडवी होते.

स्प्रिंगचा हिशोब सोपा आहे. किती किलो ठेवले की ती एक मिलीमीटर दबते, तोच तिचा आकडा. आकडा लहान तर नरम, मोठा तर कडक. नरम गाडी वळणात होडीसारखी कलते. कडक गाडी कलत नाही, पण रस्ता जसाच्या तसा अंगावर आणून देते.

पहिल्या वर्षी त्याने मधली स्प्रिंग घेतली होती. विहारात भंतेजी वीणेच्या तारेची गोष्ट सांगत. फार ताणली तर तुटते, ढिली सोडली तर वाजत नाही. आईने घरी येऊन तीच गोष्ट त्याला पुन्हा सांगितली आणि त्याला ती थेट गाडीसाठीच सांगितल्यासारखी वाटली. कडक नको, नरम नको, मधली. बुद्धाने सांगितलंय म्हणजे झालं.

मधली स्प्रिंग जिनिंगच्या वळणात कलायची ती कललीच. आणि मूलच्या पुढे, जंगलातल्या उखडलेल्या पट्ट्यात, आईने खिडकीवरचा दांडा घट्ट धरला. डाव्या हाताने. डायलिसिसची सुई जाते तो हात. त्या हातावर जोर द्यायचा नसतो, हे नर्सने तिला कितीदा सांगितलेलं.

त्याने पाहिलं. तिने हात खाली घेतला.

"वीणा एका जागी बसून वाजवतेत, बाबू," ती म्हणाली आणि दोघं हसले.

तेव्हापासून दोन जोड. रविवारचा आणि बाकीच्या वाराचा. काढ, घाल, काढ, घाल. तांदूळ संशोधन केंद्रातली नोकरी, डायलिसिससाठी सोमवार-गुरुवारच्या रजा, हे सगळं कोणाला सांगितलं तर लोक म्हणत, मंग शर्यत सोड ना. बरोबर होतं त्यांचं. पण गाडीत

(हे वाक्य त्याने कोणापुढेच पुरं केलं नाही.)

मागचं डावं चाक. वर: आईचं डोकं.

चंद्रपूरच्या दवाखान्यात मशीनला लावण्याआधी आईला काट्यावर उभं करतात. वजनाचा आकडा पुन्हा उतरला होता. जेवण कमी आहे का, नर्सने विचारलं. आई म्हणाली, नाई.

अश्विन तो आकडा घेऊन पार्किंगमध्ये आला. मागच्या सीटवर तळवा ठेवून त्याने सगळं अंग टाकलं. गाडी किंचित दबली. मग त्याने आईएवढाच भार द्यायचा प्रयत्न केला. एक गुडघा, एक हात. काही हललं नाही. या स्प्रिंगांना मागे कोणी झोपलंय हे कळतच नव्हतं.

डिकीत नरम जोड होता, जॅक होता, पाने होते.

पुढच्या स्प्रिंगा काढणं म्हणजे अख्खा शॉकअप उतरवा, स्प्रिंग शिकंज्यात आवळा. मागच्या सोप्या. गाडी उचलायची, शॉकअपचे खालचे बोल्ट सोडायचे, दोन्ही चाकं जोडणारा आडवा अॅक्सल खाली दाबला की स्प्रिंग हातात येते. पण जिनिंगमधलं वळण जमतं ते मागच्या कडक स्प्रिंगांमुळेच. त्यांच्यामुळे गाडीची शेपटी फिरते. काल शेवटच्या फेरीत ती पहिल्यांदा त्याच्या मनासारखी फिरली होती.

त्याने मागून सुरुवात केली.

चौकीदार दादाजी आला. हे गॅरेज नोहे, म्हणाला. मग सावलीत उकिडवा बसला.

"बिघडली का?"

"नाई."

"मंग काऊन खोलून राह्यले?"

"कडक हाये."

"माह्या सायकलचं सीट बी कडक हाये," दादाजी म्हणाला. "मी खोलतो का?"

बोल्ट सुटताना अश्विनची बोटं सोलवटली. दोन स्प्रिंगा बाहेर आल्या, दोन आत गेल्या. पुढच्या चाकाच्या नटावर त्याने पाना लावला. वेळ होता. पण पुढे तो एकटाच बसणार होता. त्याने पाना काढून डिकीत टाकला.

मागचं उजवं चाक. वर: आईचे पाय.

पुढे कडक, मागे नरम. अशी गाडी वळणात वळत नाही, सरळ जाते. शर्यतीत तिच्यावर कोणीही हसेल.

येताना तोच उखडलेला पट्टा आला. पुढची चाकं आपटली, त्याच्या मणक्यातून वर मानेपर्यंत. त्याने आरशात पाहिलं. मागची चाकं खड्ड्यात उतरली, बाहेर आली. आईचा डावा हात पोटावर होता, पट्टी बांधलेला, मोकळा. खिडकीवरच्या दांड्याकडे गेला नाही.

"पुढून तर धडधड आवाज येऊन राह्यला," ती डोळे मिटूनच म्हणाली.

"पुढच्या नाई बदलल्या."

उन्हात साग नुसते उभे होते.

"शर्यतीच्या दिवशी मागच्या पुन्हा कडक बसवशीन?"

"नाई."

"काऊन?"

तो वळणांबद्दल काही सांगणार होता. शेपटीबद्दल.

"थकलो, आई."

"मी बी," आई म्हणाली.

पुढे अजून एक खड्डा होता. तो टाळता आला असता, पण समोरून ट्रक येत होता. त्याने दात आवळले आणि गाडी त्यात घातली.